मावसबहिणीची घंटा

ओसेनवेर्ड म्हणजे बैलांचं बेट. इथे कथीड्रल उभारून धर्मप्रांत स्थापन करणाऱ्या संतपुरुषाने हे नाव बदलायची तसदी घेतली नाही, यावरून आमच्याविषयी त्याचं काय मत झालं असावं ते समजून घ्यावं. धर्मप्रांत केवढा? सकाळी घोड्यावर बसलेला माणूस जेवणवेळेपर्यंत हद्दीबाहेर पडतो, आणि वाटेत त्याला डुलकी लागली तर आपण एका धर्मप्रांतातून आलो हे त्याला कळतही नाही. पण तोरा विचाराल तर थेट रोमचा. आमचा बिशप गावात राहत नसे. दोन बिशपांपूर्वी मासळीबाजारात कोणीतरी बिशपच्या अंगावर हेरिंगची टोपली उलटी केली होती. तेव्हापासून बिशपमंडळी नदीपलीकडच्या गढीत राहत आणि गावाशी पत्रातून बोलत. कथीड्रलचा कारभार बारा मानकऱ्यांच्या हाती असे. त्यांची नेमणूक देवाच्या प्रार्थनेसाठी झालेली होती. भांडणं हे काम त्यांनी आपखुशीने अंगावर घेतलं होतं.

भांडण बहुतेक करून बिअरचं. चर्चच्या मालावर गावाची जकात नाही, हा जुना हक्क. त्याचा फायदा घेऊन मानकरी दर हिवाळ्याच्या तोंडाला आइनबेकहून उंची बिअर मागवत. थोडी स्वतः पीत आणि उरलेली कथीड्रलच्या तळघराच्या खिडकीतून गावकऱ्यांना स्वस्तात विकत. नगरसभेत बसणारे झाडून सगळे बिअर गाळणारे होते. त्यांच्या पोटात दुखणं साहजिक होतं. लुबेकला तेव्हा पुस्तकं छापायला सुरुवात झाली होती म्हणतात. आमच्याकडे विद्येची मजल तेवढी गेली नव्हती, पण त्या वर्षी नगरसभेने वेशीवर मानकऱ्यांची चार पिंपं अडवली. मानकऱ्यांनी लॅटिनमध्ये निषेधाचं पत्र धाडलं. नगरसभेने ते वाचून होईपर्यंत पिंपं रिकामी केली.

तेव्हा बारा मानकऱ्यांनी सभा भरवून गावावर धर्मबंदी घातली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली तर बंद दाराआड, कुजबुजत. लग्नं नाहीत. घंटा नाहीत. आणि मेलेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही. त्याला वेशीबाहेर बैलांच्या कुरणात पुरायचं, प्रार्थनेविना. चार पिंपं बिअरपायी एका अख्ख्या गावाचा स्वर्ग बंद करायचा, ही अक्कल जगात दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

बंदीचा मजकूर लिहिला डेटमारने. बारा जणांत कायदा शिकलेला तोच एक. शिकलेला म्हणजे रोस्टॉकच्या विद्यापीठात तो काही वर्षं होता, आणि पदवी मिळायच्या आत परत आला होता. लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि तो कधी 'नाही' म्हणत नसे. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. बोलायला लागला की स्वतःच्या आवाजावर खूश होणारा माणूस. त्याने लिहिलं: नगरसभेने तीच पिंपं, भरलेली, स्वहस्ते कथीड्रलच्या दारात आणून द्यावीत, तोवर बंदी उठणार नाही, उठल्याची खूण एकच, आपोलोनिया वाजेल. आपोलोनिया ही आमची मोठी घंटा. जाता जाता त्याने गावच्या बिअरला बैलाचं मूत असंही म्हणून घेतलं, कारण लॅटिनमध्ये ते फार छान बसत होतं.

"मुंगी शिरेल एवढीही फट ठेवलेली नाही," तो सभेत म्हणाला. मानकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना त्या दिवशी त्याचे गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

घरी ताल्के होती. ताल्के त्याची मावसबहीण. म्हणजे असं बघा, मानकऱ्याने लग्न करायचं नसतं. पण घर सांभाळायला नात्यातली एखादी बाई ठेवायला हरकत नसते. त्यामुळे आमच्या कथीड्रलला बारा मानकरी होते आणि नऊ मावसबहिणी. एवढा मावश्यांचा गोतावळा जर्मन देशात आणखी कुठे नसेल. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. नियमच तसा होता: गोष्ट उघड झाली तर शिक्षा, मानाचं आसन जाणार आणि कथीड्रलचं घरही. उघड नसेल तर देव बघून घेईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताल्के त्याला चारचौघांत 'फादर' म्हणायची आणि घरात 'अहो'. तीस वर्षांत या दोन्हींची गल्लत तिच्याकडून एकदाही झाली नाही. डेटमारकडून घरातलं बोलणं चारचौघांत बऱ्याचदा झालं.

बंदीला महिना होत आला तेव्हा ताल्केला ताप भरला. नदीवर धुणं धुवायला गेली होती, ती थंडी छातीत उतरली. आठवड्याभरात ती इतकी वाळली की डेटमारला तिच्याकडे बघवेना. वैद्य येऊन गेला, आणि जाताना फी घ्यायला विसरला. ते बघून डेटमार काय ते समजला.

"अहो," ताल्के म्हणाली, "मला कुठं नेणार?"

"कुठं न्यायचंय? बरी होशील तू."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, निदान साध्या भाषेत तरी. लॅटिनमध्ये बोला म्हणजे मला कळणार नाही."

त्याने तिचं पांघरूण सारखं केलं.

"कुरणात ना?"

"ताल्के..."

"कुरणाचं काही नाही हो. बाप माझा दोर वळत वळत त्याच कुरणातून उलटा चालायचा, मी मागं चरक फिरवत. जागा ओळखीची आहे." तिला दम लागला. "पण घंटा हवी होती मला."

डेटमारला ते कळलं. आमच्याकडे मयताची म्हणून आपोलोनिया वाजली की जो जिथे असेल तिथे थांबतो. पुरुषांनी टोप्या काढायच्या, बायकांनी मान लववायची, गेलेल्यासाठी एक प्रार्थना म्हणायची. मेलेला भिकारी असला तरी नगरशेठ थांबतो. याला आजवर कोणी अपवाद केलेला नाही.

"तीस वर्षं मासळीबाजारात मी आधी येऊन उभी राहते आणि मासा शेवटी मिळतो," ताल्के म्हणाली. "ग्रेटे मासळीवाली माझ्याकडे बघतच नाही. म्हणते, हवेला काय मासा विकायचा? एकदा, एकदाच त्या सगळ्यांनी माझ्यासाठी टोप्या काढाव्यात, एवढंच मनात होतं. मी बघायला नसणार, पण झालं असतं ना ते?"

"मी करतो काहीतरी."

"तुम्हीच केलंय ते," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. त्यामुळे ते जास्त लागलं.

तो उठला आणि समोरच डीनच्या घरी गेला. डीन एगर्ट म्हणजे बारा मानकऱ्यांतला वडील. तो स्वयंपाकघरात गरम पाण्यात पाय सोडून बसला होता आणि त्याची मावसबहीण वोब्बे वरून पाणी ओतत होती.

"डीनसाहेब, बंदी उठवायला हवी," डेटमार म्हणाला.

"उठवू की. पिंपं आली?"

"नाही. ताल्के आजारी आहे. फार आजारी."

वोब्बेचा हात थांबला. डीनने सुस्कारा टाकला. "तुझी मावसबहीण."

"माझी मावसबहीण."

"वाईट झालं रे. चांगली बाई. मग काढ की एखादी फट. कायद्याला फटी असतात म्हणून तर आपण जगतो."

"नाहीत. मी सगळ्या बुजवल्यात."

"हो, खरंच. मुंगी शिरणार नाही म्हणाला होतास. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या." डीनने विचार केला. "नाताळाला एक दिवस सूट असते बघ. सणाला दारं उघडतात, घंटा वाजतात. रोमचाच नियम आहे. तिला म्हणावं, नाताळापर्यंत थांब."

"थांब म्हणून सांगू?"

"तुझं ऐकते ना?"

"तीस वर्षांत एकदाही नाही."

"इथंही तेच," डीन वोब्बेकडे बघत म्हणाला.

"पाणी गार झालंय. काढा पाय," वोब्बे म्हणाली.

"सभा बोलवा ना," डेटमारने हात जोडले. "मत घ्या. पिंपांशिवाय उठवू बंदी."

"आणि नगरसभेला जन्मभर आपल्याला नाचवू द्यायचं? शिवाय उद्या बिशपचा कारकून येतोय, बंदी कशी काय चाललीय बघायला. माझ्याकडेच उतरणार आहे. कानावर पडेल ते लिहून घेतो तो, मेला. त्याच्यासमोर हसं नको. पिंपं आण, डेटमार. तूच लिहिलंस, तूच आण."

डेटमार बाहेर पडला. रोस्टॉकला त्याने एक वाक्य पाठ केलं होतं, की कायदा करणाऱ्याने तो आधी स्वतःच्या पायात घालून बघावा. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही, म्हणून तो विसरला होता.

नगरसभेचा मुख्य, नगरशेठ टीडेमान, आपल्या बिअरच्या भट्टीवर होता. आडवातिडवा गडी, डोक्यावर लोकरी टोपी, अंगाला माल्टचा वास. डेटमारला बघून त्याने हातातला लांब पळा तसाच धरून गडीमाणसांना बाहेर घालवलं.

"या फादर. मूत प्यायला आलात?"

डेटमारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ते लॅटिनमध्ये होतं."

"आम्ही वाचून घेतलं. दोनदा. दुसऱ्यांदा मजा आली म्हणून." त्याने एक मोठा पेला भरून पुढे केला. "घ्या. आधी पिऊन सांगा, मग बोलू."

डेटमार प्यायला. बिअर चांगली होती. आइनबेकच्यापेक्षा वाईट नव्हती. खरं म्हणजे अंधारात दोन्ही दिल्या असत्या तर कुठली कोणती ते त्याला सांगता आलं नसतं, आणि हा माणूस बिअरच्या प्रतीवरून एका गावाला स्वर्गाबाहेर ठेवून बसला होता.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"आता बोला."

"मला पिंपं हवीत. चारही. भरून."

"आमची काय इच्छा नाही असं थोडंच आहे? पण तीच पिंपं म्हणता तुम्ही. त्यातलं एक पावसाच्या पन्हळीखाली आहे. एकात बायकोने कोबी आंबवलाय. एकात कुत्री व्यालीय. चौथ्यावर नगरसभा फासे खेळते. आणि समजा गोळा केली, तर आम्ही का वाकावं? चूक तुमची आणि नाक आमचं घासायचं?"

"ताल्केसाठी मागतोय," डेटमार म्हणाला. "ती मरायला टेकलीय. तिला घंटा हवीय."

टीडेमानने टोपी मागे सरकवली. 

"दोरवाल्या क्लाऊसची ताल्के. आमच्याच गल्लीतली. लहानपणी बर्फाचा गोळा मारून तिने माझा दात पाडला होता." मग तो वळला. "फादर, माझी आई गेली ते तुम्हाला ठाऊक आहे?"

डेटमारला ठाऊक होतं. बंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात ती म्हातारी गेली होती. कुरणात पुरली. त्या दिवशी मानकऱ्यांच्या जेवणात कोणीतरी म्हणालं होतं, की आता नगरशेठ पिंपं आणून देईल बघा. तो कोणीतरी म्हणजे डेटमारच होता. सगळे हसले होते. आता तो मान खाली घालून उभा राहिला.

"ऐंशी वर्षांची माझी आई," टीडेमान म्हणाला. "एक मिस्सा चुकवली नाही तिनं. तिला मी बैलांमध्ये ठेवून आलोय, घंटेविना, तुमच्या त्या फट नसलेल्या कागदापायी. आणि आज तुमच्या घरात आग लागली तेव्हा पाणी मागायला आलात."

"हो."

"एवढंच? हो?"

"दुसरं काय म्हणू? मी गाढव आहे असं म्हणू? तेही म्हणतो. शिकलेलं गाढव. त्याला फक्त ओझं जास्त वाहता येतं."

टीडेमानला हसू आलं नाही, पण त्याने पळा खाली ठेवला. "पिंपं देतो. आमचीच बिअर भरून, उद्या, दारात आणून देतो. पण एक अट आहे. कोणासाठी मागितली ते तुम्ही पायरीवर उभं राहून सगळ्या गावासमोर सांगायचं. मावसबहीण चालणार नाही. आम्ही आमची माणसं नाव घेऊन पुरतो, फादर. तुम्हीही घ्या तिचं नाव, आणि ती तुमची कोण ते सांगा. तुम्ही ते सांगा, मी माझ्या आईला कुरणातून चर्चच्या आवारात आणतो."

डेटमार घरी आला तो रस्ताभर हिशेब करत. उद्या कारकून असणार. त्याच्या कानावर गेलं की आसन गेलं. आसन गेलं की घर गेलं. मग आजारी बाईला ठेवायचं कुठे? आहे ते झाकून ठेवण्यातच तिचं भलं आहे. हा शेवटचा मुद्दा त्याला फार पटला. इतका पटला की त्यालाच संशय आला. आयुष्यात त्याने जे जे भित्रेपण केलं होतं ते दर वेळी दुसऱ्याच्या भल्यासाठीच केलं होतं. तो ताल्केच्या उशाशी बसला, तिच्या कपाळावरचं फडकं बदललं, आणि अटीचं तिला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीवरून पिंपं आली. मागे गाव लोटलं होतं. एका पिंपाला कोबीचा वास येत होता आणि एकाच्या मागे कुत्री आपल्या घरासाठी केकाटत चालली होती. कथीड्रलच्या दारात मानकरी आपापल्या लोकरी झग्यांत ओळीने उभे होते. त्यांच्या बाजूला बिशपचा कारकून, गळ्यात अडकवलेली लिहायची फळी, बोटांत लेखणी. टीडेमान गाडीशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला आणि त्याने डेटमारकडे बघितलं.

डेटमार पायरीवर चढला. घसा साफ केला आणि लॅटिनमध्ये सुरुवात केली.

"आमच्या भाषेत, फादर," टीडेमान म्हणाला.

लोक हसले.  आयुष्यभर ज्या आवाजावर डेटमार खूश होता तो नेमका आज बारीक झाला.

"ही पिंपं नगरसभेने दिली, कारण मी जाऊन मागितली. मी मागितली ती ताल्केसाठी. ताल्के... आजारी आहे. दोरवाल्या क्लाऊसची मुलगी. ती माझी मावसबहीण नाही."

"काय सांगता!" ग्रेटे मासळीवाली गर्दीतून ओरडली, आणि सगळं गाव खो खो हसलं. तीस वर्षं उरावर बाळगलेलं गुपित त्याने बाहेर काढलं, तर ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

हसला नाही तो एकटा कारकून. त्याने मान वर केली. "मावसबहीण नाही? मग कोण?" आणि लेखणी शाईत बुडवली.

मानकऱ्यांच्या ओळीत चुळबुळ झाली. एक मावसबहीण गेली की उरलेल्या आठही जाणार, हे समजायला रोस्टॉकला जावं लागत नाही. डीन एगर्ट आयुष्यात कधी धावला नव्हता, तो आता बुरुजाच्या दाराकडे धावला. "घंटा!" तो ओरडला. "पिंपं आली! बंदी उठली! वाजव रे, वाजव आपोलोनिया!"

वर घंटावाला इतके दिवस रिकामा बसून वैतागला होता. तो दोराला लटकलाच. कोणता ठोका द्यायचा ते डीन सांगायला विसरला, म्हणून त्याने हाताला सर्वांत सवयीचा होता तो दिला. मयताचा.

डेटमारने त्याच क्षणी दोन शब्द उच्चारले. ते त्याला स्वतःलाही ऐकू आले नाहीत.

पहिल्या ठोक्याबरोबर गाव गप्प झालं. कोण गेलं, कशाची घंटा, कोणी विचारलं नाही. सर्वांत आधी टीडेमानने टोपी काढली. त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून थंडीत वाफ निघत होती. मग गाडीवानाने, मग सगळ्या पुरुषांनी. ग्रेटेने डोक्यावरची माशांची पाटी उतरवून खाली ठेवली आणि मान लववली. कारकुनानेही लेखणी कानामागे खोचून टोपी काढली. पायरीवर डेटमार तेवढा तोंड उघडं टाकून उभा होता.

त्याला आधी काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला 'सुटलो' असं वाटलं.

घंटा थांबल्यावर कारकुनाने 'पिंपं पोचली' एवढं लिहून फळी मिटली. डीनने धापा टाकत डेटमारचा दंड धरला. "आता एक अक्षर बोलू नकोस. कोणी काही ऐकलेलं नाही. घर राहिलं, आसन राहिलं, घंटा वाजली. अजून काय पाहिजे?"

खरंच, अजून काय पाहिजे? घरी येईपर्यंत डेटमार स्वतःला तेच विचारत होता, आणि त्याला उत्तर सापडत नव्हतं, म्हणून तो बऱ्यापैकी खूश होता.

ताल्के उशीला टेकून अर्धवट बसली होती. मान लववलेली, ओठ पुटपुटत होते. प्रार्थना संपवून तिने वर बघितलं.

"कोण गेलं हो?"

"कोणी नाही."

"मयताची होती. एवढी ओळखते मी आपोलोनियाला."

"तुझी होती."

"माझी?" तिने स्वतःकडे बघितलं. "मी आहे अजून."

"ते मी त्यांना सांगितलं नाही."

तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला. तो ओसरल्यावर तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. पिंपं, कुत्री, डीनचं धावणं.

"टोप्या काढल्या?"

"सगळ्यांनी."

"टीडेमानने?"

"सगळ्यांच्या आधी. पार टक्कल पडलंय त्याला."

"आणि ग्रेटेने?"

"पाटी खाली ठेवून मान लववली."

ताल्केने डोळे मिटले. तिचा चेहरा असा काही उजळला की डेटमारला वाटलं, ही आता बरीच होणार.

"वोब्बेताई घाईघाईने दारात डोकावून गेली," डोळे न उघडता ती म्हणाली. "म्हणाली, तुम्ही पायरीवर चढून काहीतरी बोललात. शेवटचं तिला ऐकू आलं नाही. काय बोललात?"

"दोनच शब्द होते."

"कोणते?"

डेटमारने दाराकडे एकदा बघितलं. "माझी बायको," तो हळूच म्हणाला.

 चुलीतलं लाकूड फुटलं.

"हे कोणीच ऐकलं नाही?"

"कोणीच नाही. मीसुद्धा."

"मग," ताल्के म्हणाली, "टोप्या कोणासाठी काढल्या ते त्यांना ठाऊकच नाही."

 ज्याने आपल्या कागदात मुंगीला फट ठेवली नव्हती, त्याने या कामात मात्र बैलगाडी जाईल एवढी ठेवली होती.

"असू दे," ती म्हणाली. "काढल्या ना? पुष्कळ झालं." आणि तिने कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं.

'पुष्कळ झालं' हे तिने आयुष्यभर म्हटलं होतं. उरलेल्या माशाला, मागच्या बाकाला, त्याच्या जुन्या झग्यातून बेतलेल्या पोलक्याला. डेटमारने ते प्रत्येक वेळी ऐकलं होतं आणि त्याला ते सोयीचं होतं. आज ते त्याला ऐकवेना. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की बसवेना.

तो उठला. गुडघे कुरकुरले. त्याने दाराचा अडसर काढला आणि दार सताड उघडलं.

समोर डीनच्या खिडकीत जेवण चाललं होतं. धूर जायला खिडकी उघडीच होती. कारकुनाच्या हातात बदकाची तंगडी होती, वोब्बे वाढत होती, आणि डीन पिंपं परत मिळाल्याच्या आनंदात पेला भरत होता. गल्लीतून एक मोळीवाला चालला होता.

"अहो कारकूनसाहेब!" डेटमार ओरडला. या वेळी आवाज बारीक झाला नाही. "मघाशी तुम्ही विचारलंत, ती कोण. घंटेत तुम्हाला ऐकू आलं नसेल. ती माझी बायको आहे! ताल्के, दोरवाल्या क्लाऊसची मुलगी, माझी बायको! घंटा तिची होती! घ्या लिहून!"

डीनचा पेला भरून वाहायला लागला. कारकून तंगडी खाली ठेवून लेखणी शोधू लागला; ती त्याच्या कानामागेच होती. वोब्बेने ते पाहिलं, पण तिने त्याला सांगितलं नाही. ती खिडकीतून डेटमारकडे बघत उभी राहिली, हातात वाढायचं ताट तसंच. मोळीवाल्याने मोळी भिंतीला टेकवली आणि टोपी काढली.

डेटमार उंबऱ्यात उभा होता. घर गेलं होतं, आसन गेलं होतं, आणि उद्या कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मागे वळून बघितलं. ताल्केचं तोंड भिंतीकडेच होतं. तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय हे त्याला दारातून कळेना.

"ऐकलं सगळ्यांनी," ती म्हणाली. "आता दार लावा. गारठा येतोय."